जुन्या गिअरच्या सायकलचा डिरेलर: झिजलेले भाग ओळखणे, बनवून घेणे आणि बसवणे

पुण्या-मुंबईहून विकत आणलेली किंवा नात्यातल्या कुणी वापरून दिलेली गिअरची जुनी सायकल आता विदर्भातल्या अनेक गावांत दिसते. साधारण १९७० ते १९९० या काळात बनलेल्या या सायकलींची फ्रेम बहुधा मजबूत असते. त्रास देतो तो मागच्या चाकाजवळ लटकणारा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेऊन गिअर बदलणारा भाग. चेन आपोआप एका चकतीवरून दुसरीवर उडते, चढावर गिअर टिकत नाही, मागून सतत कुरकुर ऐकू येते आणि अखेर गावातला मिस्त्री "याचं सामान मिळत नाही" असे सांगून डिरेलर काढून टाकण्याचा व एकच चकती ठेवण्याचा सल्ला देतो. मूळ सुटे भाग मिळत नाहीत हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. परंतु डिरेलरचे जे भाग खरोखर झिजतात ते बनावटीला साधे असतात, आणि आपल्या तालुक्यात ज्या लेथवर मोटरपंपाचे बुश व ट्रॅक्टरच्या अवजारांच्या पिना बनतात त्याच लेथवर ते बनवून घेता येतात.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि स्वतःच्या व ओळखीच्यांच्या सायकलींवर हे काम बरीच वर्षे करत आलो आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याचा गोंधळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो: डिरेलर ढिला झाला आहे हे कळते, पण नेमका कुठे ढिला झाला आहे हे न शोधताच खोलखाल सुरू होते. म्हणून या लेखातील पायऱ्या सोप्या झिजेकडून अवघड झिजेकडे अशा क्रमाने लावल्या आहेत. तो क्रम पाळल्यास बऱ्याच जणांना अवघड पायऱ्यांपर्यंत जावेच लागणार नाही.

१. तुमचा डिरेलर कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

अंगावरचे नाव पुसून वाचा. शिमानो, सनटूर, कॅम्पान्योलो, सिम्प्लेक्स आणि ह्युरे ही जुन्या काळातली मुख्य नावे आहेत. शिमानोच्या डिरेलरवर बहुधा मागच्या बाजूला दोन रोमन अक्षरे कोरलेली असतात. त्यांतले पहिले अक्षर वर्षाचे (१९७६ साठी ए, १९७७ साठी बी, याप्रमाणे पुढे) आणि दुसरे अक्षर महिन्याचे असते.

सालाचा उपयोग असा की त्यावरून किती झीज चालेल याचा अंदाज येतो. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस संचात ठरावीक खाच पडणारे, म्हणजे टकटक करत एकेक गिअर बदलणारे लिव्हर आणले. त्याआधीच्या बहुतेक सायकलींत लिव्हर केवळ घर्षणाने जागेवर राहतो आणि चेन नेमकी कुठे थांबवायची हे चालवणाऱ्याच्या बोटांवर असते. घर्षणाच्या लिव्हरवर थोडी झीज हाताने सावरून घेता येते. खाचेच्या लिव्हरवर मात्र वायर दर वेळी ठरावीक लांबीच ओढली जाते, त्यामुळे डिरेलरमधला प्रत्येक ढिलेपणा चुकीच्या गिअरच्या रूपाने समोर येतो.

रचनेतला एक फरकही लक्षात ठेवा. डिरेलर चार पिनांनी जोडलेल्या एका चौकटीवर आत-बाहेर सरकतो; सनटूरने १९६४ मध्ये तिरकी समांतरभुज चौकट आणली. तिच्यामुळे वरची पुली (डिरेलरमधल्या ज्या दोन छोट्या दातेरी चाकांवरून चेन जाते त्यातले वरचे) चकत्यांच्या उतरंडीला धरून सरकते आणि लहान-मोठ्या सगळ्या चकत्यांपासून जवळपास सारख्याच अंतरावर राहते. १९८४ मध्ये त्या पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांनीही हीच रचना उचलली. कॅम्पान्योलोच्या नुओव्हो रेकॉर्डसारख्या सरळ चौकटीच्या डिरेलरमध्ये हे अंतर गिअरप्रमाणे बदलते आणि त्याचा गिअर मुळातच थोडा सावकाश पडतो. तो सावकाशपणा म्हणजे झीज नव्हे.

सिम्प्लेक्सचे १९६० च्या दशकापासूनचे अनेक डिरेलर डेलरिन नावाच्या प्लास्टिकचे आहेत. त्यांच्या अंगावर, विशेषतः बोल्टच्या भोकाभोवती, केसासारखी चीर दिसली तर दुरुस्तीचा विचार सोडून द्या. या प्लास्टिकला कोणताही डिंक नीट धरत नाही आणि ताण आला की ते एकाएकी तुटते. असा डिरेलर जपून ठेवावा, पण रस्त्यावर वापरू नये.

२. सामान आधीच जमवा

काम अर्धवट सोडून तालुक्याला जावे लागू नये म्हणून पुढील वस्तू हाताशी ठेवा:

– ८, ९ व १० नंबरचे पाने, एलन चाव्यांचा संच, बारीक व मध्यम पेचकस, पकड.
– व्हर्नियर कॅलिपर. साधा घेतला तरी चालेल, पण तो हवाच. त्याशिवाय लेथवाल्याला माप सांगता येत नाही.
– डिझेल किंवा मिळाल्यास रॉकेल, जुना टूथब्रश, सुती बनियनच्या चिंध्या, पसरट ताट.
– शिलाई मशीनचे तेल आणि बेअरिंगचे ग्रीस.
– बारीक कानस आणि ४०० व ६०० नंबरचा पॉलिश पेपर.
– १.२ मिलिमीटर जाडीची गिअरची वायर. सायकलच्या दुकानात सहज मिळणारी ब्रेकची वायर साधारण १.६ मिलिमीटरची असते. ती इथे चालत नाही.
– डोळ्यांसाठी साधा पारदर्शक चष्मा. स्प्रिंग सोडवताना तो लावल्याशिवाय हात घालू नका.

ॲसिटल (पुलीसाठीचे कडक प्लास्टिक) किंवा नायलॉनचा रॉड, सिल्व्हर स्टीलचा (पिनांसाठीच्या पोलादाचा) रॉड, बारीक आटे पाडणारा टॅप या वस्तू तालुक्याला मिळतीलच असे नाही. त्यासाठी नागपूरला इतवारीत लोहा ओळीच्या बाजूला एक फेरी मारावी लागेल. आधी पायरी ३ पूर्ण करा, काय लागते ते कागदावर लिहा आणि मगच फेरी मारा.

३. काहीही खोलण्याआधी हलवून पाहा

सायकल उलटी करून किंवा मागचे चाक अधांतरी टांगून, डिरेलर जागेवर असतानाच ही तपासणी करावी. एकदा तो काढला की कोणता भाग कशामुळे हलत होता हे समजणे कठीण होते.

प्रथम वायर आणि तिचे आवरण बघा. आवरणाची टोके फाटलेली असतील, आत गंज असेल किंवा लिव्हर हलवल्यावर डिरेलर क्षणभर थांबून मग उडी मारत असेल, तर वायर आणि आवरण बदला आणि सायकल चालवून पाहा. ज्याला लोक डिरेलरची झीज समजतात त्यातला मोठा भाग इथेच निघून जातो.

त्यानंतर चेन मोजा. चेनचे लागोपाठ बारा पूर्ण जोड, म्हणजे एका पिनच्या मध्यापासून तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर, नव्या चेनमध्ये १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असते. ते ३०६.४ च्या पुढे गेले असेल तर चेन बदलण्याच्या लायकीची झाली आहे आणि डिरेलर कितीही दुरुस्त केला तरी गिअर नीट पडणार नाहीत. नवी चेन घेताना आपल्या काळ्या साध्या सायकलची १/८ इंची चेन घेऊ नका; डिरेलरला ३/३२ इंची चेन लागते. साध्या चेनची क्लिपवाली कडीही पुल्यांमधून जाताना अडकते.

आता डिरेलर. दोन पुल्या ज्या दोन पात्यांमध्ये बसलेल्या असतात त्या भागाला केज म्हणतात. एका हाताने डिरेलरचे वरचे अंग घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी केजचे खालचे टोक आडवे, म्हणजे चाकाकडे व चाकापासून दूर, हलवा. त्याच वेळी नजर टोकावर ठेवू नका; वर, चौकटीच्या चार पिनांवर ठेवा. पिन आणि तिच्या भोकाच्या मध्ये तेलाची बारीक रेघ आत-बाहेर होताना दिसली की झीज त्या पिनेत आहे. पिना स्थिर असून डिरेलर आख्खा हलत असेल तर ढिलेपणा हँगरच्या, म्हणजे फ्रेमच्या ज्या कानात डिरेलर बसतो त्याच्या, बोल्टमध्ये आहे. चौकट स्थिर असून फक्त केज हलत असेल तर तो केज जिच्यावर फिरते त्या खिळीत आहे. खालचे टोक पिनांपासून बरेच लांब असल्यामुळे पिनेतली केसभर झीज तिथे कितीतरी पटींनी मोठी दिसते, म्हणून नुसत्या टोकाच्या हालचालीने घाबरून जाऊ नये.

शेवटी दोन्ही पुल्या बोटाने हलवा, आणि इथे एका सापळ्यापासून सावध राहा. खाचेच्या लिव्हरसोबत आलेल्या शिमानोच्या अनेक डिरेलरमध्ये वरच्या पुलीवर 'सेंटेरॉन' असे कोरलेले असते. ही पुली मुद्दामच थोडी आडवी सरकेल अशी बनवलेली आहे, जेणेकरून ती चकतीच्या रेषेत स्वतःहून येईल. तिचे सरकणे ही झीज समजून तिथे घट्ट बुश बसवला तर चांगला चालणारा डिरेलर बिघडतो. वर-खाली होणारी हालचाल मात्र तिच्याही बाबतीत झीजच असते.

४. काढणे आणि धुणे

मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. मर्यादेचे दोन्ही स्क्रू (डिरेलर दोन्ही टोकांना कुठवर सरकेल हे ठरवणारे) पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा आणि पुन्हा तितकेच बाहेर आणा. डिरेलर काढण्यासाठी चेन तोडण्याची गरज नसते. खालच्या पुलीचा बोल्ट काढून वरचा ढिला केला की केजचे पाते बाजूला सरते आणि चेन मोकळी होते. वरची आणि खालची पुली वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा आणि पुड्यांवर नावे लिहा. पुष्कळ डिरेलरमध्ये त्या दिसायला सारख्या असल्या तरी आतून वेगळ्या असतात.

धुण्यासाठी डिझेल पुरेसे आहे. रात्रभर भिजत ठेवा, सकाळी ब्रशने घासा, कोरडे करा. संडास धुण्याचे ॲसिड, कॉस्टिक सोडा किंवा भांड्यांची तीव्र पावडर ॲल्युमिनियमला लावू नका; कॉस्टिक तर ॲल्युमिनियम अक्षरशः खाऊन टाकतो. थिनरने अक्षरांतला मूळ रंग निघून जातो.

५. पुल्या आणि त्यांचे बुश

सर्वाधिक झीज इथेच होते आणि सर्वाधिक फायदाही इथल्याच दुरुस्तीने होतो, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

जुन्या पुलीची रचना अशी असते: मध्ये ५ मिलिमीटरचा बोल्ट, त्यावर पोलादी किंवा पितळी नळीसारखा बुश, बुशावर फिरणारी प्लास्टिकची पुली, आणि दोन्ही बाजूंना धूळ अडवणाऱ्या पातळ टोप्या. उन्हाळ्यात पांदणीने चालवलेल्या सायकलची पुली उघडली की बुशावर काळा चिकट लेप दिसतो. तो अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहा, कचकच लागते. आपल्या काळ्या मातीची ही बारीक धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी काम करते आणि बुश एकाच बाजूने खात जाते. लेप पुसल्यावर बुशाच्या अंगावर नखाला खाच लागते का ते बघा. लागत असेल तर बुश गेला.

पुलीचे दात काट्यासारखे टोकदार झाले असतील तर पुलीही बदलावी लागेल. दात बोथट, पण सारखे असतील आणि मधले भोक गोल असेल तर केवळ नवा बुश करून तीच पुली बराच काळ चालते. मूळ पुली शक्य तितकी वापरावी असे माझे मत आहे, कारण तिच्या दातांची उंची त्या केजच्या मापाने ठरवलेली असते.

बुश बनवताना मापे तीन: आतले भोक, बाहेरचा व्यास आणि लांबी. पहिली दोन कोणताही कारागीर विचारतो. तिसऱ्याबाबत बहुतेक ठिकाणी गफलत होते. बोल्ट घट्ट केल्यावर केजच्या पात्यांचा आणि टोप्यांचा दाब बुशाच्या टोकांवर आला पाहिजे, पुलीवर नव्हे. म्हणून बुश पुलीच्या मधल्या जाडीपेक्षा किंचित लांब, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरने, असावा लागतो. तो लांबीला कमी पडला तर बोल्ट आवळताच पुली जाम होते, आणि ती फिरावी म्हणून लोक बोल्ट ढिला ठेवतात. असा ढिला बोल्ट एक दिवस रस्त्यात गळून पडतो आणि चेन चाकात जाते.

धातू म्हणून गनमेटल मागा. पंपाचे बुश करणाऱ्या लेथवर त्याचे तुकडे पडलेले असतातच. कारागिराकडे जाताना जुना बुश, पुली, बोल्ट आणि टोप्या असा पूर्ण संच न्या. नुसत्या कागदावरच्या मापाने काम नीट होत नाही. "भाऊ, पुली एक पॉइंट ढिली ठेवू का?" असा प्रश्न आला तर व्यासाला तेवढी सूट पुरे असे सांगा, आणि पुली बुशावर चढवून, त्याच्या समोरच बोल्ट पूर्ण आवळून फिरवून पाहा. बोटाच्या एका टिचकीने तिने न अडखळता काही फेरे घेतले पाहिजेत. एक व्यवहाराची गोष्ट: मृगाच्या तोंडावर लेथवाल्याकडे जाऊ नका. पेरणीयंत्रे आणि वखरांच्या कामात तो बुडालेला असतो आणि तुमच्या बोटभर बुशाला त्याला सवड नसते. ऑगस्टमध्ये गेल्यास तो शांतपणे आणि आवडीने काम करतो.

पुलीच नवी हवी असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, बाजारात मिळणारी तयार पुली घेणे. जुन्या पुल्या बहुधा १० दातांच्या आणि नव्या बहुधा ११ दातांच्या असतात. ११ दातांची पुली घेतलीत तर ती केजच्या दोन पात्यांमधल्या आडव्या पट्टीला किंवा चेन अडवणाऱ्या कानाला घासते का हे विकत घेण्यापूर्वी लावून पाहा. दुसरा मार्ग म्हणजे ॲसिटलच्या रॉडमधून पुली बनवून घेणे. दात पाडण्यासाठी लेथसोबत इंडेक्सिंगची सोय असलेले मिलिंग लागते, म्हणून हे काम तालुक्याऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपुरात होते. दुकानदार ॲसिटलऐवजी नायलॉन देऊ करतो, कारण ते स्वस्त आणि सहज मिळते. नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगते. मे महिन्यात मोकळी फिरणारी नायलॉनची पुली श्रावणात बुशावर आवळते. ॲसिटलमध्ये हा दोष फारच कमी आहे.

बुशाऐवजी बेअरिंग घालायचे असेल तर ६९५ क्रमांकाचे (आतला व्यास ५, बाहेरचा १३, जाडी ४ मिलिमीटर) किंवा ६२५ क्रमांकाचे (५, १६ आणि ५ मिलिमीटर) बेअरिंग पुलीत बसवता येते. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलेच घ्या. मी स्वतः जुन्या डिरेलरमध्ये गनमेटलचा बुशच पसंत करतो, कारण तो धुऊन, तेल घालून पुन्हा वापरता येतो. धूळ शिरलेले बेअरिंग फेकावेच लागते.

६. स्प्रिंग

डिरेलरमध्ये किमान दोन स्प्रिंग असतात: एक चौकट परत ओढणारी आणि दुसरी केजला मागे खेचून चेन ताणून धरणारी. शिमानोच्या बऱ्याच डिरेलरमध्ये हँगरच्या बोल्टभोवती तिसरी असते. कॅम्पान्योलोच्या रेकॉर्ड मालिकेत आणि जुन्या सनटूरमध्ये ती नसते, तेव्हा ती हरवली असे समजून शोधत बसू नका.

चेन लोंबकळत असेल तर स्प्रिंग मेली असे लगेच ठरवू नये. केजच्या खिळीत घट्ट झालेले जुने ग्रीस हे नेहमीचे कारण असते. केज उघडताना प्रथम तिला अडवणारा छोटा स्क्रू किंवा खुंटी काढा, केज हळूहळू उलगडू द्या आणि ती किती फेरे उलगडली ते मोजा. बसवताना तितकेच फेरे द्यायचे असतात. पुष्कळ डिरेलरमध्ये स्प्रिंगचे टोक अडकवण्यासाठी दोन-तीन भोके असतात. स्वच्छ करून, नवे ग्रीस लावूनही ताण कमी वाटला तर टोक पुढच्या भोकात घाला. बहुतेकांचे काम यातच होते.

स्प्रिंग तुटलीच असेल तर तिची तार मोजा, वेढे मोजा, ती कोणत्या दिशेने वळलेली आहे ते पाहा आणि स्प्रिंग बनवणाऱ्याकडून पियानो वायरमध्ये तशीच करून घ्या. जुनी स्प्रिंग तापवून वाकवण्याचा किंवा साध्या तारेची स्प्रिंग करण्याचा प्रयत्न करू नका. तापवलेल्या स्प्रिंगचा कस निघून जातो.

७. चौकटीच्या पिना

ही या लेखातली सर्वांत अवघड पायरी आहे, आणि ती टाळता येत असेल तर टाळावी. घर्षणाच्या लिव्हरवर, केजच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर आडवी हालचाल असेल तर मी पिनांना हात लावत नाही. डिझेलने धुवावे, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब चारही पिनांत सोडावा, चौकट काही वेळ उघड-मीट करावी, बाहेर आलेला काळा मळ पुसावा आणि तेल स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहावे.

पिन तिच्या लांबीच्या दिशेने सरकत असेल, म्हणजे रिव्हेटचे डोके सैल झाले असेल, तर डिरेलरचे दुसरे टोक ऐरणीवर टेकवून डोक्यावर लहान हातोडीचे दोन-तीन हलके ठोके द्यावेत आणि दर ठोक्यानंतर चौकट मोकळी हलते का ते पाहावे. जोराचा ठोका ॲल्युमिनियमच्या भुजेला तडा देतो. भोकच लांबट झाले असेल तर ठोकून उपयोग होत नाही.

त्या वेळी पिन बदलावी लागते. रिव्हेटचे डोके ड्रिलने काढावे, पिन सुंभ्याने बाहेर काढावी, भोक रीमरने पुढच्या मापाला गोल करून घ्यावे आणि त्या मापाच्या सिल्व्हर स्टीलची नवी पिन बसवावी. काही गोष्टी इथे चुकवून चालत नाही. एका वेळी एकच पिन काढा, म्हणजे बाकीच्या तीन पिना चौकट तिच्या मूळ मापात धरून ठेवतील. भोक हातातल्या ड्रिलने करू नका. स्टँडवरचे ड्रिल आणि नीट बांधलेली भुजा हवी, नाहीतर पिन तिरकी बसते आणि चौकट जाम होते. भोकाभोवती पुरेशी भिंत उरते का हे आधी मोजा. भिंत पातळ पडत असेल तर भोक वाढवू नका. पिनेचे टोक ठोकून पसरवण्याऐवजी लेथवर बारीक खाच पाडून ई-क्लिप लावली तर पुढच्या वेळी ती पुन्हा काढता येते, आणि माझा कल नेहमी याच पद्धतीकडे असतो. चौकटीची स्प्रिंग ज्या पिनेवर असते ती पिन शेवटी घ्या आणि काढताना स्प्रिंग तारेने बांधून ठेवा.

काही डिरेलरमध्ये पिनेऐवजी स्क्रू किंवा सर्कलिप असते. ते भाग्याचे काम आहे. तिथे ड्रिल लागतच नाही.

८. आटे आणि हँगर

डिरेलर ज्या कानात बसतो त्या हँगरचे आटे बहुधा १० मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर अंतराचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला साधा १० नंबरचा बोल्ट आणि साधा टॅप १.५ मिलिमीटर अंतराचा असतो. लेथवाल्याला "१० चा टॅप मार" एवढेच सांगितले तर तो साधा टॅप मारतो आणि फ्रेमचा हँगर कायमचा जातो. त्याला 'दहा, बारीक, एक पिच' असे स्पष्ट सांगा आणि टॅप हातात घेऊन त्यावरचा आकडा स्वतः वाचा. इटालियन बनावटीच्या जुन्या हँगरचे आटे इंचाला २६ या मापाचे असतात, पण फरक इतका सूक्ष्म आहे की १ मिलिमीटरचा बोल्ट त्यात सहसा बसतो. पहिले दोन-तीन फेरे मात्र बोटांनीच द्या, पान्याने नाही.

सायकल उजव्या बाजूला पडली की हँगर आत वाकतो, आणि वाकलेल्या हँगरवर कितीही चांगला डिरेलर बसवला तरी तो खराब वाटतो. तपासण्याची सोपी युक्ती अशी: क्विक रिलीजच्या मागच्या चाकाच्या पोकळ आसाचे आटेही १० मिलिमीटर आणि १ पिचचेच असतात, तेव्हा असे एक सुटे चाक हँगरमध्ये पिळून बसवा. सायकलचे मूळ चाक आणि हे बाहेरचे चाक यांच्या रिममधले अंतर वर, खाली, पुढे आणि मागे मोजा. चारही ठिकाणी ते सारखे आले पाहिजे. न आल्यास तेच चाक हाताने हळूहळू ओढून हँगर सरळ करता येतो. हे फक्त पोलादी फ्रेमवर करावे. ॲल्युमिनियमचा हँगर सरळ करताना तुटतो. आपल्या साध्या काळ्या सायकलचा आस या कामासाठी वापरू नका. तो इंची मापाचा असतो आणि आटे खराब करतो.

हँगरचे आटे पूर्ण गेले असतील तर भोक मोठे करून आतून आट्यांची पोलादी बाही बसवून घेता येते. साध्या सायकलीच्या फ्रेमवर हँगरच नसतो. तिथे मागच्या आसाखाली दाबून बसणारी वेगळी हँगर-पट्टी मिळते.

९. जोडणी आणि जुळवणी

खिळींना पातळ ग्रीस, पुलीच्या बुशाला किंचित ग्रीस, बोल्टच्या आट्यांना तेल. केज बसल्यावर मागून एका डोळ्याने पाहा: दोन्ही पुल्या एकाच उभ्या रेषेत असाव्यात. केज वाकलेली असेल तर ती काढून सपाट लाकडावर सरळ करा, डिरेलरवर लटकत असताना नाही.

वायर न जोडता आधी लहान चकतीकडची मर्यादा लावा: वरची पुली सर्वांत लहान चकतीच्या बरोबर खाली आली पाहिजे. मग डिरेलर हाताने ढकलून मोठ्या चकतीकडची मर्यादा लावा. हा दुसरा स्क्रू चुकला तर चेन किंवा खुद्द डिरेलर आऱ्यांत जातो आणि चाक, डिरेलर व हँगर तिन्ही एकदम मोडतात. म्हणून चाक हाताने फिरवत, डिरेलर जोराने आत ढकलूनही चेन आऱ्यांकडे उतरत नाही याची खात्री करा आणि मगच वायर जोडा. शर्यतीच्या सायकलींच्या आखूड केजच्या डिरेलरला साधारण २६ ते २८ दातांपेक्षा मोठी चकती पेलत नाही, हेही फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, निवडताना ध्यानात ठेवा.

चेनची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न नेता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून गुंडाळा आणि जिथे जुळते त्याला एक पूर्ण जोड, म्हणजे एक इंच, वाढवा.

१०. आपल्या धुळीत आणि पावसात देखभाल

गोडेतेल किंवा जळालेले इंजिन ऑइल चेनला लावण्याची पद्धत सोडून द्या. गोडेतेल उन्हात चिकट होते, आणि जळालेल्या ऑइलमध्ये आधीच धातूचा कीस असतो. शिलाई मशीनचे तेल थेंबभर सोडावे, पाच मिनिटांनी चिंधीने बाहेरचे सगळे पुसून घ्यावे. उन्हाळ्यात तेल कमी आणि पुसणे जास्त. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर डिरेलरवर साधे पाणी ओतून माती ओली असतानाच काढा, कोरडे करा आणि मग तेल द्या. वाळलेली काळी माती खरवडून काढताना वायर आणि टोप्या दुखावतात. पाण्याचा जोराचा फवारा मात्र पुल्यांवर मारू नका, त्याने माती टोप्यांच्या आत जाते.

नवा बुश किंवा नवी पिन बसवल्यावर पहिल्या आठवड्यात गावाच्या शिवारातच चालवा. त्यानंतर दोन्ही पुल्यांचे बोल्ट, वायर धरणारा बोल्ट आणि हँगरचा बोल्ट पुन्हा एकदा आवळा, आणि वायर थोडी ताणली गेली असेल तर ती ओढून घ्या. काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी खाच पडलेला बुशसुद्धा, नाव लिहून डबीत ठेवा. पुढच्या वेळी लेथवर माप दाखवण्यासाठी तोच लागतो.